कॉम्प्युटरवर मेल उतरत नाही? घाईने खाते उडवू नका

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम भरात असला की दुकानातील कॉम्प्युटरकडे पाहायला कोणाला सवड नसते. सौदे तोंडी होतात, काट्यावर माणसे खोळंबलेली असतात, पोत्यांच्या थप्प्या लागत असतात आणि कॉम्प्युटर बिचारा कोपऱ्यात हळदीची धूळ खात बसलेला असतो. त्याची आठवण होते ती बिल काढताना किंवा मग एखादा फोन आल्यावर.

अशाच एका दुपारी आमच्या परिचयातील एका अडत व्यापाऱ्याच्या गादीवर आम्ही बसलो होतो. मुंबईच्या एका निर्यातदाराचा फोन आला. म्हणाला, ‘‘हाजीसाहेब, चार दिवस झाले, ऑर्डर मेलवर पाठवली. लॅबचा रिपोर्ट मागितला. तुमचे हो नाही की ना नाही. माल दुसरीकडून उचलायचा का?’’ हाजीसाहेबांनी मुनिमाकडे पाहिले, मुनिमाने पुतण्याकडे. पुतण्या म्हणाला, ‘‘चाचा, आपल्याकडे तर काहीच आलेले नाही.’’ आणि ते खरेही होते. मेलचा प्रोग्राम उघडला तर सर्वांत वरचा मेल चार दिवसांपूर्वीचा. खाली बारीक अक्षरात काहीतरी फिरत होते, मध्येच पासवर्ड विचारणारी चौकट येत होती, ती बंद केली की पुन्हा तेच.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहून निकाल दिला, ‘‘हे खाते उडवून नवे टाकतो. नाही जमले तर विंडोजच नव्याने टाकू. दोन तासांचे काम आहे.’’ पुतण्या तयार झाला होता. हाजीसाहेब म्हणाले, ‘‘थांब बेटा, आधी यांना बघू दे.’’ तेवढ्यावर आठ वर्षांचा पत्रव्यवहार वाचला. कसा वाचला ते पुढे येईलच, परंतु हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की हिंगोली, कळमनुरी, औंढा, सेनगाव कोठेही जा, मेल उतरत नाही म्हटले की हाच उपाय सुचविला जातो आणि बहुतेक वेळा तो रोगापेक्षा जालीम ठरतो.

पेटी एकीकडे, दुकान दुसरीकडे

मेल ही वस्तू नेमकी कोठे असते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. तुम्हाला पाठविलेला मेल तुमच्या कॉम्प्युटरवर थेट येत नाही. तो आधी सर्व्हरवर, म्हणजे जीमेल, याहू, रेडिफ किंवा ज्यांच्याकडे तुमचे खाते आहे त्यांच्या मोठ्या यंत्रावर येऊन पडतो. पोस्टात आपल्या नावाची पेटी असावी तसे. आउटलुक, थंडरबर्ड यांसारखे प्रोग्राम म्हणजे त्या पेटीतून पत्रे आणून देणारा नोकर. नोकर आजारी पडला, रस्ता बंद असला, किंवा पेटीची किल्ली बदलली तर पत्रे दुकानात येणार नाहीत, पण पेटीत ती पडतच राहतील.

म्हणून पहिली तपासणी एकच. कॉम्प्युटर सोडा, मोबाईल हातात घ्या, ब्राउझरमध्ये आपल्या मेलचे संकेतस्थळ उघडा आणि तेथून खात्यात शिरा. मेल तेथे दिसत असतील तर खाते ठीक आहे, बिघाड दुकानातल्या प्रोग्रामचा आहे. शांतपणे दुरुस्ती करता येईल, तोपर्यंत तातडीची उत्तरे मोबाईलवरूनच द्या. तेथेही दिसत नसतील तर प्रोग्राम निर्दोष आहे, कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

हाजीसाहेबांच्या मोबाईलवर आम्ही तसे केले. ऑर्डर तेथे होती. रिपोर्टची मागणी होती, तिची आठवण करून देणारा दुसरा मेल होता, आणि त्या दोहोंच्या मध्ये जीएसटीकडून आलेला एक मेल होता. हाजीसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग ऑर्डरमुळे नव्हे, या तिसऱ्या मेलमुळे उतरला.

‘पाहिलाच नाही’ हे उत्तर चालत नाही

येथे व्यापारी बंधूंनी कायद्याची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्या कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे जे मार्ग दिले आहेत, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठविणे हा एक आहे आणि जीएसटीच्या पोर्टलवर ठेवणे हाही एक आहे. पोस्टमन दारात येऊन सही घेईल तेव्हाच नोटीस मिळाली, असे आता राहिलेले नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम १३ तर असे सांगते की, ज्याला पाठवायचे त्याने ठरवून दिलेल्या संगणक व्यवस्थेत संदेश शिरला की तो त्याला मिळाला असे धरले जाते, दोघांत वेगळे काही ठरलेले नसेल तर. तो तुमच्या दुकानातील पडद्यावर उतरला की नाही याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

मुदतीही लहान असतात. विवरणपत्र भरले नाही म्हणून येणाऱ्या नोटिशीला १५ दिवस. नोंदणी रद्द का करू नये असे विचारणाऱ्या नोटिशीला कामाचे अवघे ७ दिवस. मेलचा प्रोग्राम चार दिवस बंद असला तर त्यातले निम्म्याहून अधिक दिवस गेलेच.

त्यातून आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. पुष्कळ लहान दुकानदारांची, सुतारकाम, वेल्डिंग, गादीकाम करणाऱ्यांची जीएसटी किंवा उद्यम नोंदणी कोणीतरी करून दिलेली असते. फॉर्ममध्ये मेलचा पत्ता त्या करून देणाऱ्याचा असतो, किंवा त्याने त्याच दिवशी उघडून दिलेला असतो, आणि पासवर्ड आता त्यालाही आठवत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवर मेल उतरत नाही याचे कारण शोधण्यात अर्थच नाही, कारण मेल दुसऱ्याच पेटीत पडत आहे. जीएसटी पोर्टलवर जाऊन अधिकृत सही करणाऱ्याचा मेल आणि मोबाईल बदलता येतो, त्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. आपल्या कर सल्लागारास आजच विचारा की नोंदणीत कोणता पत्ता आहे. आणि मेल बंद असो वा चालू, पोर्टलवरचे नोटिशींचे पान आठवड्यातून एकदा उघडून पाहण्याची सवय ठेवा.

किल्ली बदलली

आता मूळ बिघाडाकडे येऊ. हाजीसाहेबांच्या प्रोग्रामला झाले काय होते? चार दिवसांपूर्वी पुतण्याने मोबाईलवर गुगलचा पासवर्ड बदलला होता. कोणाचे तरी खाते चोरीला गेल्याचे ऐकून त्याने खबरदारी घेतली, चांगलेच केले. परंतु कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्राम एका वेगळ्या, सोळा अक्षरी ‘अ‍ॅप पासवर्ड’वर चालत होता आणि गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले असे सर्व अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. प्रोग्राम जुनी किल्ली घेऊन दारावर ठोठावत राहिला.

ही गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण गेल्या काही वर्षांत मेल प्रोग्राम बंद पडण्याच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांचे मूळ बहुधा येथेच होते. पूर्वी मेलचे नाव आणि पासवर्ड प्रोग्राममध्ये टाकला की काम भागत असे. ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही पद्धत बंद केली. हॉटमेल, लाइव्ह, आउटलुक डॉट कॉम या खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टनेही १६ सप्टेंबर २०२४ रोजी तेच केले. त्या त्या दिवसानंतर कित्येक दुकानांत कोणी हातही न लावता मेल थांबला आणि दोष ब्रॉडबँडला, विजेला, मुनिमाला दिला गेला.

आता दोन मार्ग आहेत. पहिला असा की प्रोग्राम नवा असेल तर तो गुगलचेच पान उघडतो, तेथे पासवर्ड टाकून परवानगी दिली की झाले. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हरच्या पानावर ‘ऑथेंटिकेशन मेथड’ असते, तेथे ‘ओऑथ-टू’ निवडावे. मेल येण्याच्या आणि मेल जाण्याच्या, दोन्ही सर्व्हरसाठी ते वेगवेगळे निवडावे लागते. एकच बदलले की मेल येतो पण जात नाही, आणि मग पुन्हा धावपळ. दुसरा मार्ग जीमेलपुरता आहे. आधी खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी, मग गुगल खात्यात ‘अ‍ॅप पासवर्ड’ शोधून नवा सोळा अक्षरी पासवर्ड काढावा आणि तो प्रोग्राममध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकावा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांना मात्र पहिलाच मार्ग धरावा.

गादीवर बसूनच नवा अ‍ॅप पासवर्ड काढला, टाकला. मेल भराभर उतरू लागले. सर्व मिळून दहा मिनिटांचे काम होते, त्यातली पाच मिनिटे मोबाईलवर आलेला क्रमांक चष्म्याशिवाय वाचण्यात गेली.

खाते उडवले असते तर?

मग तो दुरुस्तीवाला मुलगा चुकला कोठे? खाते उडवून नवे टाकणे हा उपाय काही खात्यांत अगदी निर्धोक असतो आणि काहींत घातक. फरक दोन शब्दांचा आहे: पॉप आणि आयमॅप.

आयमॅप पद्धतीत प्रोग्राम पेटीतील पत्रे फक्त दाखवितो, मूळ पत्रे पेटीतच राहतात. मोबाईलवर, घरी, दुकानात सर्वत्र तेच दिसते. कॉम्प्युटर जळाला तरी पत्रे जात नाहीत. पॉप ही जुनी पद्धत. नेट तासावर मोजून घ्यावे लागे, डायल-अपचा सूर ऐकत बसावे लागे, त्या काळात ती सोयीची होती: एकदा जोडायचे, सर्व पत्रे ओढून घ्यायची आणि लाइन तोडायची. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास ज्यांनी कॉम्प्युटरवर उतरणारा मेल घेतला, त्यांतले पुष्कळ जण याच पद्धतीचे. पॉपमध्ये, सर्व्हरवर प्रत ठेवावी अशी खूण केलेली नसेल तर पत्र कॉम्प्युटरवर उतरले की पेटीतून नाहीसे होते. एकमेव प्रत तुमच्या दुकानातील त्या धुळकट डब्यात.

हाजीसाहेबांचे खाते पॉपचे होते आणि ती खूण केलेली नव्हती. आठ वर्षांच्या ऑर्डरी, दर ठरल्याचे मेल, लॅबचे रिपोर्ट, थकबाकीबद्दलचा पत्रव्यवहार, सर्व त्या एका डिस्कवर. विंडोज नव्याने टाकताना डिस्क पुसली गेली असती. उधारी बुडविणाऱ्यासमोर ठेवायला कागद राहिला नसता. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायच्या असतात, हे वेगळेच.

आपले खाते कोणते ते पाहणे सोपे आहे. आउटलुकमध्ये ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडले की खात्याच्या नावासमोर पॉप किंवा आयमॅप असे लिहिलेले असते, थंडरबर्डमध्येही सर्व्हर सेटिंग्जच्या पानावर वरच दिसते. पॉप दिसले तर दुरुस्तीवाल्याला हात लावू देण्यापूर्वी मेलच्या फायलींची नक्कल करून घ्या. आधी प्रोग्राम बंद करा. आउटलुकचे मेल ‘पीएसटी’ या शेपटीच्या फाइलमध्ये असतात, ती बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात सापडते. थंडरबर्डचे सर्व काही ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरात असते, ‘हेल्प’ मेन्यूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून तो उघडता येतो. तो फोल्डर पुरताच्या पुरता पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह तिजोरीत ठेवा, कॉम्प्युटरला लावून नव्हे. नेट चांगले असेल तर पुढे आयमॅपवर जावे, आमचे मत तरी असेच आहे. खेड्यापाड्यात जेथे लाइन वारंवार तुटते तेथे पॉप ठेवले तरी चालेल, पण सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केल्याशिवाय नको.

घड्याळ मागे गेले की

एक बिघाड असा आहे की जो कळला नाही तर माणूस दिवसभर डोके आपटत बसतो, आणि कळला तर हसू येते. कॉम्प्युटरच्या आत रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. वीज बंद असताना तारीख-वेळ तीच सांभाळते. चार-सहा वर्षांनी ती संपते. मग दर वेळी वीज गेली की कॉम्प्युटर कित्येक वर्षे मागच्या एखाद्या १ जानेवारीला जाऊन बसतो. मेलचा सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवितो, त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे असते. कॉम्प्युटरच्या लेखी ती तारीख अजून उजाडायचीच असते, म्हणून तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही आणि जोडणी नाकारतो. पडद्यावर ‘सर्टिफिकेट’बद्दल काहीतरी इशारा येतो, बँकेचे संकेतस्थळही उघडत नाही. उजव्या कोपऱ्यातील तारीख बघा. चुकली असेल तर दुरुस्त करा आणि ती बॅटरी बदलून घ्या. सीआर-२०३२ या नावाने इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळते, किंमत किरकोळ असते. भारनियमनाच्या गावात हा बिघाड पुष्कळ दिसतो.

तसेच प्रोग्राम चुकून ‘वर्क ऑफलाइन’वर गेलेला असू शकतो. आउटलुकमध्ये ‘सेंड-रिसीव्ह’च्या पट्टीत ते बटण असते, थंडरबर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात लहान चिन्ह. माऊसचा एक चुकीचा धक्का पुरतो. किंवा यादी फक्त न वाचलेले मेल दाखविण्यावर लावलेली असते. हे पाहायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून पाहून टाकावे.

लाइनचा संशय असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉटवर मेल उतरला तर दोष राउटर किंवा ब्रॉडबँडचा. तरीही उतरत नसेल तर अँटिव्हायरसवर नजर टाका. काही अँटिव्हायरस मेलच्या मध्ये बसून प्रत्येक पत्र उघडून तपासतात आणि तेथेच गाडी अडते. एवढेच नव्हे तर एका मेलमध्ये विषाणू सापडला म्हणून संपूर्ण इनबॉक्सची फाइलच उचलून बाजूला ठेवल्याचे प्रकारही होतात. अँटिव्हायरसच्या ‘क्वारंटाइन’मध्ये इनबॉक्स दिसला तर तो तेथून परत आणावा, चुकूनही ‘डिलीट’ म्हणू नये.

प्रेसवाल्यांची आणि कारागिरांची अडचण

छापखाना, फ्लेक्स, लग्नपत्रिका, फर्निचरचे डिझाइन यांचे काम करणाऱ्या बंधूंना एक वेगळाच त्रास होतो. गिऱ्हाईक जड फाइल जोडून पाठवितो. जीमेलवर २५ एमबीपर्यंत जोडता येते. पॉपच्या खात्यात प्रोग्राम पत्रे रांगेने उतरवितो. जड पत्र उतरता उतरता लाइन तुटली की पुढच्या वेळी त्याच पत्राची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या मागची सर्व पत्रे रांगेत उभी. दिवसभर ‘रिसीव्हिंग’ दिसत राहते आणि एकही नवा मेल पडद्यावर येत नाही, काही वेळा जुनेच दोन-दोनदा येतात. उपाय सोपा आहे. ब्राउझरमधून खाते उघडा, ते जड पत्र शोधा, जोडलेली फाइल तेथूनच उतरवून घ्या आणि पत्र इनबॉक्समधून हलवा. बाकीची रांग मोकळी होते. आणि गिऱ्हाइकाला सांगा की फाइल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठव.

जड फायलींनी आणखी एक दुखणे येते, ते म्हणजे प्रोग्रामची आपली फाइल फुगणे. आउटलुक २००२ पर्यंतच्या फाइलला २ जीबीची मर्यादा होती, २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी आहे. मर्यादा गाठली की नवा मेल शिरत नाही. मेल डिलीट केले तरी फाइल लगेच लहान होत नाही, आधी ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामे करून मग ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा द्यावी लागते. थंडरबर्डमध्ये फाइल मेन्यूत ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ आहे. मध्येच वीज गेल्यामुळे फाइल बिघडली असेल, यादी कोरी दिसत असेल, तर आउटलुकबरोबर ‘इनबॉक्स रिपेअर टूल’ येते आणि थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ असे बटण असते. ते मेलची अनुक्रमणिका नव्याने बांधते. दोन्हींपूर्वी नक्कल, हे विसरू नये. प्रोग्राम उघडतानाच अडकत असेल तर कंट्रोल कळ दाबून धरून आउटलुक उघडा, सेफ मोडबद्दल विचारणा होईल. थंडरबर्डसाठी शिफ्ट कळ. या मोडमध्ये मेल उतरला तर वरून चिकटविलेल्या एखाद्या ‘अ‍ॅड-इन’चा दोष समजावा.

मात्र कधी कधी प्रोग्रामचेच वय झालेले असते. ‘विंडोज लाइव्ह मेल’चा आधार मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी काढून घेतला. विंडोजसोबत येणारा ‘मेल’ हा प्रोग्राम ३१ डिसेंबर २०२४ नंतर मेल घेत नाही आणि पाठवीत नाही, आतले जुने मेल तेवढे काढून घेता येतात. एक्सपीच्या काळातील आउटलुक एक्सप्रेस अजून कोणी जिवंत ठेवले असेल तर त्या माणसाच्या चिकाटीला सलाम, पण आजच्या सर्व्हरची सुरक्षित भाषा त्याला येत नाही. येथे दुरुस्ती शोधण्यात पैसे घालू नका. थंडरबर्ड फुकट आहे, ते घ्या.

पेटीच भरली किंवा पेटीला दुसरे तोंड फुटले

मोबाईलवरील ब्राउझरमध्येही मेल दिसत नसेल तर? आधी स्पॅमचे फोल्डर बघा. मग जागा बघा. गुगलच्या फुकट खात्याला १५ जीबी मिळते, ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. मुलांनी मोबाईलमधील लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ त्याच खात्यावर चढविले की पेटी भरते. भरलेल्या पेटीत नवा मेल येत नाही, तो पाठविणाऱ्याकडे परत जातो. फोटो दुसऱ्या खात्यावर न्यावेत, धंद्याचे खाते धंद्यालाच ठेवावे. दोन वर्षे कोणीच न उघडलेले वैयक्तिक खाते गुगल काढून टाकू शकते, हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे. जुन्या नोंदण्यांवर ज्यांचे विसरलेले पत्ते आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. स्वतःच्या दुकानाच्या नावाचा डोमेन घेतला असेल तर त्याचे वार्षिक पैसे भरले आहेत का तेही पाहावे. ते थकले की मेल बंद होतो.

आणि शेवटी ज्याची आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते ते. ठरावीक एका पार्टीचेच मेल दिसत नाहीत, बाकी सर्व येतात, असे झाले तर सावध व्हा. खात्यात चोरून शिरलेला भामटा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे एक नियम लावून ठेवतो: अमुक पार्टीचा मेल आला की तो बाजूच्या फोल्डरात टाक आणि त्याची नक्कल मला पाठव. तुम्हाला वाटते प्रोग्राम बिघडला. तिकडे तो तुमच्या नावाने पार्टीला लिहितो की आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पैसे या नव्या खात्यावर टाका. हळदीच्या एका गाडीचे पैसे अशा रीतीने जायला एक मेल पुरतो. जीमेलमध्ये सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ ही दोन पाने आहेत, आउटलुकमध्ये ‘रूल्स’. आपण न लावलेला नियम तेथे दिसला तर तो काढा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि सर्व पार्ट्यांना फोन करा, मेल नव्हे. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर कळवा. बँकेच्या सुट्टीची वाट पाहू नका.

याच संधीचा फायदा घेणारे दुसरेही आहेत. ‘आपली पेटी भरली आहे, येथे टिचकी मारा’ असा मेल येतो. किंवा नेटवर मदतीचा क्रमांक शोधला की कोणी गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा देणारे अ‍ॅप टाकायला सांगतो. मेल दुरुस्त करायला कोणालाही ओटीपी लागत नाही.

हाजीसाहेबांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निर्यातदाराला रिपोर्ट पाठविला. जीएसटीचा मेल विवरणपत्राच्या मुदतीची आठवण करून देणारा निघाला, नोटीस नव्हती. पुतण्याने पेन ड्राइव्हवर नक्कल घेतली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवून तारीख लिहिली. नवा अ‍ॅप पासवर्ड मात्र मुनिमाने जमाखर्चाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. तो पुसायला आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.